जुना डायलचा फोन पहिल्यांदाच दुरुस्त करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली माणसं माझ्याकडे जुने डायलचे फोन घेऊन येतात, नाहीतर फोटो पाठवून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरातला काळा फोन बंद पडून माळ्यावर गेला होता. तो चालू करायचा म्हणून हातात स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तिथून हा नाद लागला. माझा एकच आग्रह आहे: फोनचं जे मूळचं आहे ते शक्य तेवढं राखा आणि जे कराल ते पुढच्या माणसाला उलटवता येईल असं करा.

माळ्यावर आजोबांचा फोन सापडलाय. पहिल्यांदा काय करू?

काहीच करू नका. पुसू नका, तेल घालू नका, भिंतीतल्या सॉकेटला लावू नका. चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढा. मग फोन टेबलावर ठेवून ० च्या भोकात बोट घाला, डायल शेवटपर्यंत फिरवा आणि सोडा. डोळे मिटून ऐका. चांगलं डायल एकाच लयीत किर्र आवाज करत साधारण सव्वा सेकंदात जागेवर येतं. ते मध्येच रेंगाळतं, शेवटाला अडतं की सुटल्यासारखं झटकन परत येतं, हे वहीत लिहून ठेवा.

रिसिव्हर उचलल्यावर क्रेडलचा, म्हणजे रिसिव्हर ठेवायच्या खाचेतला, खटका वर उसळतो का तेही बघा. फोन हळूच कुशीवर वळवून आत काही गडगडतं का ऐका. गडगडलं तर बहुधा सुटलेला स्क्रू असतो. एकदा मला आत पालीची अंडी सापडली होती.

हा कुठल्या कंपनीचा, किती जुना, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे मिळणारे बहुतेक काळे आणि करडे फोन बेंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे, म्हणजे आयटीआयचे असतात. हा कारखाना १९४८ सालचा. नाव तळाच्या पत्र्यावर किंवा रिसिव्हरवर कोरलेलं असतं. ‘पी अँड टी’ असा शिक्का दिसला, तर तो टपाल आणि तार एकाच खात्यात होते तेव्हाचा. दूरसंचार खातं १९८५ साली वेगळं झालं.

पण एका शिक्क्यावरून अख्ख्या फोनचं वय ठरवू नका. त्या काळी फोन घराच्या मालकीचा नसे, खातं तो भाड्याने देई. लाइनमन आला की बिघडलेला भाग काढून पिशवीतला दुसरा बसवून जाई. त्यामुळे डायल एका काळातलं, रिसिव्हर दुसऱ्या काळातला, असं सर्रास सापडतं. याला मी दोष मानत नाही. हा त्या फोनचा इतिहासच आहे.

कवच कशाचं आहे हे कळायला अंगठ्याने कडेला जोरात चोळा, गरम झालं की वास घ्या. औषधासारखा उग्र वास आला तर बॅकेलाइट, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं कडक प्लॅस्टिक. वास नाही आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो तर नंतरचं प्लॅस्टिक. दोन्ही साफ करण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून हे आधी ठरवा. नक्षीदार पितळी ‘राजेशाही’ फोन विकायला येतात, ते बहुतेक शोभेसाठी नव्याने बनवलेले असतात. त्यांच्यावर वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

आतलं काम समजून न घेता दुरुस्ती जमेल का?

नाही जमणार. पण समजायला एक संध्याकाळ पुरते.

एक्स्चेंजमधून दोन तारा येतात आणि त्यांच्यावर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो. रिसिव्हर ठेवलेला असताना खटका दाबलेला राहतो आणि वाट तुटलेली असते. उचलला की वाट जुळते, वीस ते साठ मिलिअँपिअर करंट वाहू लागतो. तेवढ्यावरून एक्स्चेंजला कळतं की या घरी कुणालातरी बोलायचंय, आणि डायल टोन येतो.

आता डायल. बोटाने फिरवताना नंबर जात नाही, तो जातो डायल परत येताना. परतीच्या वाटेवर आतली दोन पात्यांची जोडी ठरलेल्या वेळा उघडते आणि मिटते. ५ फिरवला तर पाच वेळा, ० फिरवला तर दहा वेळा. वेग सेकंदाला दहा. प्रत्येक ठोक्यात वाट सुमारे ६६ मिलिसेकंद तुटलेली आणि ३३ मिलिसेकंद जुळलेली राहते. पूर्वी कोल्हापूरच्या बहिणीशी बोलायचं तर १८० फिरवून ट्रंक कॉल बुक करत. म्हणजे एक, आठ आणि दहा, असे एकोणीस ठोके तारेतून एक्स्चेंजपर्यंत जात. तिथल्या यंत्राचे हात तेवढ्या पायऱ्या चढत. अमेरिकेत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजर यांना या स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली मिळालं. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जोडून देते असा त्यांना संशय होता, अशी हकिकत सांगतात.

घंटेची वाट वेगळी असते. तिला सुमारे ७५ व्होल्टचा एसी लागतो, सेकंदाला २५ आवर्तनांचा. तो एका कपॅसिटरमधून घंटेच्या गुंडाळ्यांत जातो. कपॅसिटर डीसी अडवतो आणि एसी जाऊ देतो, म्हणून रिसिव्हर ठेवलेला असतानाही घंटा तारेला जोडलेली राहू शकते.

राहिला आवाज. बोलायच्या बाजूला कार्बनचे कण भरलेली डबी असते. आवाजाने पडदा हलतो, कण दबतात-सुटतात, करंट कमी-जास्त होतो. ऐकायच्या बाजूला लोहचुंबक आणि पातळ लोखंडी चकती. आपलाच आवाज कानात फार मोठा येऊ नये म्हणून मध्ये इंडक्शन कॉइल. झालं. यात एकही चिप नाही, ट्रान्झिस्टर नाही, म्हणून हा फोन घरच्या टेबलावर दुरुस्त होतो.

शॉक बसेल का?

लाइन लावलेली असताना आत हात घातला आणि नेमका फोन आला तर बसेल. ७५ व्होल्ट एसीचा चांगलाच दणका लागतो. उघडण्याआधी तार काढायची, हा नियम कधीच मोडू नका. आकाशात विजा असतील तर जोडलेल्या फोनला हातच लावू नका. आपल्याकडे वळवाच्या पावसात हे विशेष सांभाळावं लागतं.

हत्यारं कोणती लागतील?

चपट्या तोंडाचे तीन मापांचे चांगले स्क्रूड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मऊ ब्रश, घड्याळाचं तेल आणि स्क्रू ठेवायला झाकणाच्या डब्या. स्क्रूड्रायव्हरचं तोंड खाचेत घट्ट बसलंच पाहिजे. सैल बसलं तर पितळी स्क्रूची खाच पहिल्याच झटक्यात जाते.

बॅकेलाइट चकचकीत कसं करायचं? पॉलिशपेपर मारू का?

पॉलिशपेपर मारू नका. बॅकेलाइटच्या वरच्या गुळगुळीत थराखाली लाकडाच्या भुशासारखा भरणा असतो. थर गेला की तो उघडा पडतो आणि फोन कायमचा मळकट दिसतो. शिवाय धूळ छातीला वाईट, काही जुन्या मालात ॲस्बेस्टॉसही वापरलेलं असे.

आधी आतलं सगळं काढून नुसतं कवच वेगळं करा. कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा, भिजत ठेवू नका. मग पितळ घासायचं पॉलिश अगदी थोडं घेऊन, आधी तळाच्या न दिसणाऱ्या भागावर करून बघून, गोल गोल हात फिरवा. फडकं तपकिरी होईल, घाबरू नका, तो उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा आहे. शेवटी मेणाचं पॉलिश लावून तासाभराने चकाकी आणा. प्लॅस्टिकच्या कवचाला नुसतं साबणपाणी पुरतं.

थिनर आणि ॲसिटोन तर घरातसुद्धा काढून ठेवा. मी पहिल्या फोनवर डायलभोवतीच्या आकड्यांच्या चकतीवरचा डाग काढायला थिनरचा बोळा फिरवला. डाग गेला आणि त्याच्याबरोबर ७ आणि ८ हे आकडेही गेले. माझ्या आजोबांनी चाळीस वर्षं ज्या आकड्यांकडे बघून नंबर फिरवले, ते मी दहा सेकंदांत पुसले. ती चकती मी बदललेली नाही.

डायल हळू फिरतं किंवा मध्येच अडकतं. तेल घालू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त फोन याच्याच चुकीच्या उत्तराने बिघडतात.

डायलच्या पाठीमागे चावीच्या घड्याळासारखी स्प्रिंग असते. ती डायल परत ओढते. वेग आवरायला गव्हर्नर असतो: पितळी वाटी आणि तिच्या आत गरगर फिरणारी दोन छोटी वजनं. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, वाटीला घासतात, वेग आवरतो. सगळी करामत त्या घासण्यात आहे. तिथे तेल गेलं की वजनं घसरायला लागतात आणि डायल सुसाट सुटतं. तेल वाळून चिकटलं की तेच डायल रखडतं.

आणि आपल्याकडे घालतात खोबरेल. कुलूप अडलं, बिजागरी कुरकुरली, खोबरेल. बेळगावच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं हे आपण दरवर्षी बघतो, तरी डायलमध्ये तेच घालतो. मागच्या डिसेंबरात खानापूरकडचे एक गृहस्थ फोन घेऊन आले. “दुपारी चालतंय बघा, सकाळी काय चालंना,” म्हणाले. मी मागचं झाकण काढलं. गव्हर्नरच्या वाटीत पांढरट साका धरला होता, त्यात धूळ, एका मुंगीचा पाय. नखाने उचलला तर मेणासारखा अख्खा निघाला. वाटी आणि वजनं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, दातांच्या चाकांतला चिकटा लाकडी टूथपिकने काढला, स्पिरिट उडून जायला अर्धा तास थांबलो. मग घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त गव्हर्नरच्या आसाच्या दोन टोकांना टेकवलं. बस्स. थेंबसुद्धा जास्त होतो. डायल फिरवलं तर लहानपणी ऐकलेला तोच किर्र आवाज. गृहस्थांनी ते सात-आठ वेळा फिरवून बघितलं, बोलले काही नाहीत.

म्हणजे क्रम असा: आधी साफ करा, मग चालवून बघा, त्यानंतर गरज असली तर आसाला तेल. वाटीला आणि ठोके देणाऱ्या पात्यांना कधीच नाही. पात्यांमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटने ओली करून सरकवा आणि ओढून काढा, काळी रेघ उमटेपर्यंत. पॉलिशपेपर लावू नका. मुख्य स्प्रिंग सोडवायला जाऊ नका, बोटचाक काढायची वेळ आलीच तर हाताने धरून ठेवा. नाहीतर चाक गरकन फिरतं आणि स्प्रिंग मोकळी होते.

वेग बरोबर झाला हे मोजायचं कसं?

मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि आलेख दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडा. ० सोडल्यावर पात्यांचे दहा ठोके वेगळे दिसतात. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत ०.९ सेकंद लागला पाहिजे. थोडं मागेपुढे चालतं. वेग जास्त असेल तर गव्हर्नरच्या वजनांचे हात अगदी किंचित बाहेर वाकवायचे, कमी असेल तर आत. हे काम साफसफाईनंतरच करा. मला आजवर दहातल्या एखाद्याच फोनला ते करावं लागलंय.

मला पलीकडचं ऐकू येतं, पण माझा आवाज जात नाही.

कार्बनचे कण दमटपणाने एकमेकांना चिकटलेत. रिसिव्हर हातात आडवा धरून तळहातावर हलकेच आपटा, फिरवा, पुन्हा आपटा. लाइनमन लोक हेच करत. नाही जमलं तर टोपी उघडून कार्बनची डबी बाहेर काढा आणि दोन-तीन दिवस तांदळाच्या बंद डब्यात ठेवा. ओव्हनमध्ये किंवा तव्यावर तापवू नका.

टोपी उघडत नसेल तर पक्कड लावू नका, बॅकेलाइट काचेसारखं तडकतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून टोपीभोवती गुंडाळा आणि दोन्ही हातांनी पिळा. तरी नाही हलली तर केस वाळवायच्या यंत्राने मिनिटभर कोमट करा.

मला काहीच ऐकू येत नाही.

दीड व्होल्टच्या सेलची दोन टोकं ऐकायच्या डबीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. ‘टक’ आवाज आला तर डबी शाबूत आहे आणि दोष कॉर्डमध्ये किंवा खटक्याच्या पात्यांत आहे. तसाच, लाइन काढलेली असताना, मल्टिमीटर फोनच्या लाइन जोडायच्या दोन टोकांना लावा. रिसिव्हर ठेवलेला असताना वाट तुटलेली दिसली पाहिजे, उचलल्यावर साधारण शंभर ते तीनशे ओहम. बोलायच्या बाजूला फुंकर मारली की आकडा नाचतो. तो नाचला की मला फार बरं वाटतं, कारण फोन जिवंत असल्याची ती पहिली खूण.

रिसिव्हर ठेवल्यावरही वाट तुटत नसेल तर आधी खटका बघा, मग कपॅसिटर. जुना कागदी कपॅसिटर गळायला लागला की एक्स्चेंजला वाटतं फोन उचललेलाच आहे. त्याच्या जागी २ किंवा २.२ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचा, फिल्म प्रकारचा कपॅसिटर घाला. अधिक-उणे टोकांचा घेऊ नका. जुन्या कपॅसिटरची डबी फेकू नका, तिच्या तारा सोडवा आणि तिला जागेवरच राहू द्या.

कापडी वेणीची कॉर्ड झिजलीय. नवी घालू?

तारा आतून शाबूत असतील तर नाही. टोकाशी उसवलं असेल तर त्याच रंगाच्या सुती दोऱ्याने गुंडाळून गाठ मारा. त्या तारेत दोऱ्याभोवती तांब्याच्या चिवट पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांना नेहमीसारखा सोल्डरचा डाग बसत नाही. म्हणून मूळ टोकाची पितळी टिकली कापून टाकू नका. नवी घालावीच लागली तर जुनी गुंडाळून पिशवीत घालून फोनबरोबर जपा.

आमच्याकडे तांब्याची लाइनच राहिली नाही, फायबर आलंय. मग दुरुस्त करून उपयोग काय?

उपयोग आहे. फायबरच्या डब्याला फोनचं एक सॉकेट असतं. जुन्या फोनच्या दोन तारा नव्या प्लगच्या मधल्या दोन टोकांना जोडा. उलटसुलट झाल्या तरी या फोनला फरक पडत नाही. येणारे फोन घेता येतात, बोलता येतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, बरेच डबे डायलचे ठोके ओळखत नाहीत, त्यांना बटणांचे सूरच कळतात. दोन, घंटेला मिळणारी ताकद कमी पडते.

डब्याला ठोके कळतात का ते बघायला आधी ० आणि मग आपलाच मोबाईल नंबर फिरवून बघा. नाही कळले, तर इंटरनेटला जोडायचा ‘एटीए’ नावाचा छोटा डबा मिळतो. घेण्यापूर्वी त्याच्या माहितीत ‘पल्स डायलिंग’ आहे का, हे नक्की विचारा. सगळ्यांत ते नसतं. सेटिंगमध्ये घंटेची फ्रीक्वेन्सी बदलता येत असेल तर २५ करा. वाजण्याचा ताल आपला जुना ठेवा: ०.४ सेकंद वाजणं, ०.२ थांबणं, ०.४ वाजणं, मग २ सेकंद शांत. ट्रिंग-ट्रिंग... ट्रिंग-ट्रिंग.

आणि लाइनशिवायसुद्धा एक गंमत करता येते. दोन दुरुस्त फोन आणि नऊ व्होल्टची बॅटरी एकामागोमाग एका वर्तुळात जोडा. घंटा वाजणार नाही, पण या खोलीतून त्या खोलीत स्वच्छ बोलणं होतं. शाळकरी मुलांना दाखवा. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी माझा सगळा खटाटोप आहे.

मोबाईलला फोन लावला की लागत नाही, असं का?

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावताना आधी ० फिरवावा लागतो. म्हणजे अकरा आकडे, वीसेक सेकंदांचं काम. बेळगावातल्या बेळगावात लँडलाइनला ०८३१ ची गरज नाही. ‘मराठीसाठी १ दाबा’ वगैरे मात्र या फोनवर चालणार नाही, तो सूर पाठवतच नाही.

सुटे भाग, विशेषतः स्क्रू, कुठे मिळतील?

सगळ्यात चांगला सुटा भाग म्हणजे दुसरा मेलेला फोन. भंगारवाल्याला सांगून ठेवा, फुटक्या कवचाचा असला तरी घ्या. आतली कॉइल, डायल, खटका उपयोगी पडतात. ब्रिटिश पद्धतीच्या यंत्रांत ‘बी.ए.’ मापाचे आटे असतात, साध्या हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा स्क्रू त्यात जबरदस्तीने घुसवलात तर आटे जातात. अशा वेळी मी नमुना घेऊन उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत जातो. तिथल्या लेथवरच्या माणसाला एक स्क्रू बनवून मागणं म्हणजे त्याचा वेळ खाणं, हे कबूल, पण आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. यंत्राच्या कामाची कदर या गावाच्या अंगात आहे, असं मी मानतो.

एवढं करण्यापेक्षा दुकानात दिला तर?

द्या, पण देताना विचारा: आतलं काय बदलणार? माझ्या मावशीने तिचा करडा फोन एका ठिकाणी दिला. चकचकीत होऊन आला, लावल्याबरोबर चालला. उघडून बघितलं तर आतली घंटा, कॉइल, सगळं काढून टाकलेलं आणि जागेवर नव्या फोनचं छोटं सर्किट गरम डिंकाने चिकटवलेलं. घंटेच्या जागी चिवचिव करणारा स्पीकर. जुने भाग मागितले तर ते भंगारात गेले होते. तिने तो फोन पुन्हा लावला नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, चालू करून द्या म्हटलं आणि त्यांनी दिला. म्हणून देण्याआधी ‘काढलेला प्रत्येक भाग परत हवा’ असं चिठ्ठीवर लिहून द्या.

पावसाळ्यात कसा ठेवायचा?

भिंतीला चिकटवून ठेवू नका. खानापूर, कणकुंबीकडच्या घरांत जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात आणि सगळ्यात आधी कार्बन आणि खटक्याची पाती बिघडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत घाम धरतो. उघड्यावर, लाकडी फळीवर, वर सुती फडकं. आणि रोज एकदा डायल फिरवा. वापरातलं डायल अडकत नाही.

घंटा वाजते, पण आवाज दबका येतो.

बहुतेक वेळा दोष विजेचा नसतो, वाट्यांच्या जागेचा असतो. लाइन काढून कवच उघडा. दोन धातूच्या वाट्या आणि मध्ये दांडीच्या टोकाला गोळी दिसेल. वाटीचं मधलं भोक बरोबर मध्यावर नसतं, जरा बाजूला असतं. ते मुद्दाम केलंय. स्क्रू सैल करून वाटी फिरवली की तिची कड गोळीच्या जवळ येते किंवा दूर जाते. गोळीने वाटीला टोला मारून लगेच सुटलं पाहिजे. टेकून राहिली तर आवाज गुदमरतो, फार लांब राहिली तर नुसती थरथर. वाट्यांवरची धूळ आणि कोळिष्टकं पुसा, आतल्या बाजूनेही. मग लाइन लावा आणि घरच्या कुणालातरी मोबाईलवरून फोन लावायला सांगा. वाजताना फक्त ऐका, हात लावू नका. दोन वाट्यांचा सूर एकसारखा नसतो, एक किंचित चढा असतो. ते दोन्ही सुटे सुटे ऐकू येईपर्यंत लाइन काढा, केसभर फिरवा, पुन्हा लावा, पुन्हा ऐका.

आमच्या फोनला माझे अकरा प्रयत्न झाले. बाराव्या वेळी आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे न बघता रिसिव्हर उचलला आणि कितीतरी वर्षांपूर्वी बदललेला आमचा जुना नंबर सांगून म्हणाली, “हॅलो, शहापूर. कोण बोलतंय?”